एका टाचणीवर दोघी

१

तुम्ही काय करता, असं कोणी विचारलं की मी सांगतो, माशा मारतो. समोरचा हसतो, विषय संपतो, माझी सुटका होते. खरं सांगायला गेलं तर पंचाईत जास्त. मी माशा मारतसुद्धा नाही. दुसऱ्यांनी मारून, टाचणीवर टोचून, वाळवून ठेवलेल्या माशा माझ्याकडे येतात आणि मी त्यांचे गट पाडतो, त्यांना नावं देतो. बत्तीस वर्षं झाली. संग्रहालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला साखळी लावून 'प्रवेश बंद' लिहिलंय त्याच्या पलीकडे, माझी खोली आहे. एक टेबल, एक सूक्ष्मदर्शक, भिंतभर लाकडी खणांची कपाटं आणि डांबरगोळ्यांचा वास. तो वास माझ्या अंगात इतका मुरलाय की बायको म्हणते, तुम्ही वारलात तर आठवडाभर कोणाला पत्ता लागायचा नाही.

माझ्या वाट्याला आल्या त्या दरोडेखोर माशा. घरात घोंगावणारी माशी डोळ्यांसमोर आणू नका. ही लांबोडकी, केसाळ, तोंडावर राठ मिशा असलेली बया. काडीच्या टोकावर ताठ बसून राहते. समोरून एखादा किडा उडत गेला की झेप घेते, हवेतच त्याला पायांत धरते, सोंड खुपसते आणि आत थुंकते. त्या थुंकीनं किड्याच्या आतलं सगळं पातळ होतं, मग ती ते सावकाश ओढून घेते. उरतं ते टरफल. तोवर ती धरलेलं सोडत नाही. जाळ्यात अडकली तरी सोडत नाही, मेली तरी सोडत नाही. म्हणून आमच्यात रीत अशी की खाणारी आणि खाल्लं जाणारं, दोन्ही एकदम हाती लागली तर दोघांनाही एकाच टाचणीवर टोचायचं. खाणारी वर, दुसरं खाली.

त्यांची ओळख पटवायला मी एक तक्ता केलाय. पंखावरची अमुक रेघ कडेपर्यंत पोचते का? पोचत असेल तर चार नंबरच्या प्रश्नावर जा, नसेल तर दोनवर. असे एकशे अठरा प्रश्न, आणि शेवटी गटाचं नाव. ज्या कुठेच बसत नाहीत त्या एक्केचाळिसाव्या खणात, 'इतर' म्हणून. माझ्या निवृत्तीला सात महिने उरले होते. तो खण रिकामा करून जायचा, हा माझा हट्ट होता.

२

त्या खणात अकरा टाचण्या उरल्या होत्या. अकराही टाचण्यांवर दोन दोन माशा, आणि दोन्ही दरोडेखोरच.

"आपसात खातात मेल्या," टाचणीबाई म्हणाल्या. टाचणीबाई म्हणजे आमच्या विभागात माशा टोचणाऱ्या, भिजवणाऱ्या, तुटलेले पाय चिकटवणाऱ्या बाई. माझ्याच वयाच्या, हात असा हलका की मिशीचा केससुद्धा हलत नाही, आणि जीभ अशी जड की साहेबसुद्धा वचकून असतात.

"खातात ना. मादी नराला खाते. नवीन काय त्यात?" मी म्हणालो.

"दोघी माद्याच आहेत, सर."

पाहिलं. होत्या. बरं, मादीनं मादीला खाल्लं, तेही होतं कधी कधी. मी पहिली टाचणी सूक्ष्मदर्शकाखाली घेतली आणि वहीत वरचीचं वर्णन लिहायला लागलो. डावा पंख टोकापाशी फाटलेला, फाट आतल्या बाजूला वळलेली. उजव्या मधल्या पायाचं शेवटचं पेर तुटलेलं. मिशीतला डावीकडून तिसरा केस नाही. मग खालची घेतली. टरफलच ते, पण आकार शाबूत होता. डावा पंख टोकापाशी फाटलेला, फाट आतल्या बाजूला वळलेली. उजव्या मधल्या पायाचं शेवटचं पेर तुटलेलं. मिशीतला तिसरा केस नाही.

मला वाटलं मी चुकून वरचीच पुन्हा पाहतोय. डोळे चोळले, पुन्हा पाहिलं, तीच गोष्ट. हे ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन माशा दिसायला सारख्या असतात ते त्यांच्या जातीमुळे. पण पंख फाटणं, पाय तुटणं ही जात नव्हे, ते त्या एकीचं नशीब. जात वारशानं येते, नशीब येत नाही. बाकीच्या दहा टाचण्या पाहिल्या. प्रत्येकीचं वेगळं नशीब, आणि प्रत्येक टाचणीवर ते दोनदा.

तेव्हा मनात पाल चुकचुकली होती. पण मला आनंदही झाला, हे कबूल करतो. गट नवीन होता.

३

पुढे तीन दिवस सुटी होती. मी पहिली टाचणी काचेच्या डबीत घालून घरी आणली. नियमात बसत नाही ते, पण बत्तीस वर्षांत कोण विचारणार? आमच्या मागच्या खोलीत खिडकीशी बायकोचं शिवणयंत्र आहे, त्याच्या शेजारी माझं छोटं टेबल आणि त्यावर एक जुना सूक्ष्मदर्शक. घरात मीच सूक्ष्मदर्शकात डोकं घालून बसायचो आणि ती शेजारी यंत्र चालवत मला टोमणे मारायची. मुलगी लग्न होऊन लांब गेल्यापासून आमचा दिवस असाच जायचा.

"बघू तरी, कोण एवढी सुंदरी आणलीय," म्हणत तिनं मला खुर्चीवरून उठवलं आणि भिंगाला डोळा लावला. बराच वेळ बघत राहिली.

"वरची काय करतेय हो खालचीला?"

"खातेय."

"आणि खालची?"

"खालची काय करणार? खाल्ली जातेय."

"पूर्ण संपेपर्यंत कळत असेल का हो तिला?"

"माशी आहे ती. तिला काय कळतंय?"

"तुम्हाला तरी काय कळतंय," ती म्हणाली आणि हसली. पण भिंगावरचा डोळा काढेना. तिचा हात टेबलाच्या कडेवर होता. मनगटाच्या मागे इस्त्रीचा डाग आहे तिच्या, होडीच्या आकाराचा. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी मी इस्त्री तापत ठेवून पेपर वाचत बसलो होतो, आणि तिला ठाऊक नव्हतं. त्या डागावरून आजवर मी किती ऐकून घेतलंय त्याला गणती नाही.

जेवायची वेळ झाली तेव्हा मी तिला हाक मारली. दुसऱ्या हाकेला ओ आली.

४

सुटीनंतर डबी परत नेली आणि मी फरक शोधायला लागलो. असायलाच हवा. फरक नाही तर प्रश्न नाही, प्रश्न नाही तर तक्ता नाही. वरची आणि खालची वेगळी ओळखायची कशी?

आठ दिवस काही सापडलं नाही. नवव्या दिवशी, भिंग सगळ्यात मोठं करून, मी वरचीच्या पंखाची फाट पाहिली. माशीच्या पंखाला कडेनं बारीक केसांची झालर असते. पंख फाटला की फाटल्या जागी ती नसते, कडा नुसती बोडकी दिसते. खालचीची फाट तशी बोडकी होती. वरचीच्या फाटीला झालर होती, आतून बाहेरून, नीट, ओळीत. म्हणजे तो पंख कधी फाटलाच नव्हता. तो तसाच उगवला होता.

अकरा टाचण्या, अकरा झालरी. मी खुर्चीत मागे टेकलो. 

"बाई, हे बघा."

टाचणीबाईंनी बघितलं.  मग त्यांनी पहिली टाचणी दोन बोटांत धरून हलकेच फिरवली.

"ही खालची टरफल नाही अजून, सर. वजन लागतंय. थोडी उरलीय हिच्यात." त्या डबी बंद करत म्हणाल्या. "हिला ओल्या डबीत ठेवून, मऊ करून सोडवता येईल. वरचीची पकड मोडावी लागेल, सोंड तोडावी लागेल. पण खालची वाचेल."

वाचेल म्हणजे नमुना म्हणून वाचेल. आमच्याकडे असंच बोलतात.

"महिनाअखेरीला या नव्या गटावरचा लेख छापायला जातोय," मी म्हणालो. "मग बघू."

५

घरात काही बदललं नव्हतं. हे मी स्वतःला रोज सांगत होतो, आणि ते खरंही होतं. ती तशीच बोलायची, तसेच टोमणे मारायची. पायऱ्या चढताना डावा गुडघा धरायची ती तशीच धरायची. फक्त दुपारची मागच्या खोलीत जायची आणि दार लावून घ्यायची.

"शिवण साचलंय," ती म्हणाली.

साचलं असेल. पण मी साडेपाचला घरी यायचो तेव्हा त्या बंद दारामागून यंत्राचा आवाज यायचा नाही. एकदा मी बूट काढता काढता थांबून ऐकलं. आत ओढल्यासारखा बारीक आवाज येत होता, मूल पेल्यातलं तळाचं सरबत नळीनं ओढतं तसा. मध्ये थांबायचा. पुन्हा यायचा. मी मुद्दाम किल्ल्या टेबलावर आपटल्या. आवाज थांबला, आणि पाच मिनिटांनी ती बाहेर आली, पालथ्या हातानं ओठ टिपत.

"आलात? कळलंच नाही बाई मला."

जेवताना ताटात दोन घास घ्यायची आणि चिवडत बसायची. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवू. तर म्हणते, "उगाच काहीतरी. माझ्या गालावर बघा तेज कसं आलंय." आणि खरंच आलं होतं.

माझं डोकं फिरलंय, असं मी ठरवलं. दिवसभर एकच गोष्ट भिंगातून बघणाऱ्या माणसाला सगळीकडे तीच दिसते. आमच्या जुन्या सरांना शेवटी भिंतीवरच्या ओलीत पंखांच्या रेघा दिसायच्या. निवृत्ती जवळ आली, त्याचाही ताण असेल. मी मनाशी अशी पाच कारणं मांडली, आणि पाचही पटण्यासारखी होती.

पण पाचव्या कारणाशी आल्यावरही मला माहीत होतं की मी काय करणार आहे.

६

"हात दे बघू इकडे. काहीतरी रुतलंय वाटतं."

शनिवारची सकाळ होती, खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. ती भाजी चिरत होती. सुरी बाजूला ठेवून तिनं हात पुढे केला आणि म्हणाली, "माशा संपल्या वाटतं. आता माझा नंबर."

मी खिशातलं भिंग काढलं. हा हात मी चौतीस वर्षं धरत आलोय. डाग तिथेच होता, तीच होडी, तेच टोक अंगठ्याकडे वळलेलं. भाजलेली जागा गुळगुळीत असते. तिथे केस उगवत नाहीत, घाम येत नाही. तिच्या डागावर ऊन पडलं की तो चकाकायचा, मला चांगलं आठवतंय.

भिंगाखाली डागावर बारीक बारीक छिद्रं होती. आणि कडेनं, होडीच्या सगळ्या कडेनं, सोनेरी लव होती. नीट, ओळीत, बाहेरच्या बाजूला झुकलेली.

"निघालं का?" तिनं विचारलं.

"निघालं," मी म्हणालो.

मी न्हाणीघरात गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. जखमा भरतात. इतक्या वर्षांत कातडी बदलत असेल. मी काही डॉक्टर नाही. मी हे सगळं पुटपुटत होतो. पण एक गोष्ट मला कुठल्याच कारणानं खोडता येत नव्हती. ही वरची असेल, तर खालची कुठेतरी असणार. आणि पूर्ण संपल्याशिवाय वरची खालचीला सोडत नाही.

७

रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला मी पेपर घेऊन पलंगावर पडलो आणि घोरल्याचं सोंग केलं. ती मागच्या खोलीत गेली. दार लावून घेतल्याचा आवाज आला, पण कडीचा आला नाही. मी शंभरपर्यंत मोजलं. मग अनवाणी गेलो आणि दार चार बोटं लोटलं.

ती खिडकीकडे तोंड करून बसली होती, पाठ माझ्याकडे. खुर्चीच्या अगदी टोकावर, ताठ, मान जराशी खाली. कोपरं अंगाशी आवळलेली. हलत नव्हती. अंगात निळा गाऊन होता.

तिच्या मांडीवर कपड्यांचा ढीग असावा असं मला वाटलं. दोरीवरचे वाळलेले कपडे काढून आणल्यासारखा, दोन्ही बाजूंनी जमिनीपर्यंत लोंबत होता. तोही निळाच होता. त्यावर बटणं होती, आणि वरून दुसरं बटण तुटलेलं होतं, बायकोच्या गाऊनचं तुटलंय तसंच. एक बाही खुर्चीच्या बाजूनं खाली लटकत होती, रिकामी दिसत होती, चपटी. पण तिच्या टोकाला हात होता.

मनगटाच्या मागे होडी होती. तिच्यावर ऊन पडलं होतं आणि ती चकाकत होती.

मी श्वास घेतला असेन, किंवा दार करकरलं असेल. त्या हाताची दोन बोटं आतल्या बाजूला वळली. थांबली. पुन्हा वळली.

पाहुणे बसलेले असताना मला स्वयंपाकघरात बोलवायचं असेल तर माझी बायको हाक मारत नाही. हात खाली सोडते आणि दोन बोटं अशी वळवते. हे फक्त मला माहीत आहे. मुलीलाही माहीत नाही.

मी आत जायला हवं होतं. पाच पावलं होती. खुर्चीवरच्या त्या बाईची पकड मोडायला हवी होती, तिला मोडायला हवं होतं. मी तिच्या पाठीकडे पाहिलं. ती माझ्या बायकोची पाठ होती. मानेवरचा तीळ, अंबाड्यातून सुटलेली बट, सगळं जागच्या जागी होतं. आणि खालचीचं काय उरलं होतं? एक हात.

कडी हातानं धरून, वाजू न देता, मी दार ओढून घेतलं. स्वयंपाकघरापर्यंत गेलो आणि तिथून नेहमीच्या आवाजात ओरडलो, "अगं, चहा टाकू का?"

"हं," आतून आवाज आला. तोंड न उघडता माणूस म्हणतो तसा.

८

सोमवारी सकाळी टाचणीबाई अकरा टाचण्या ओळीनं मांडून माझी वाट पाहत होत्या. लेख दुपारी जायचा होता. नाव नक्की करताना मूळ नमुना ठरवावा लागतो. तो एकच असतो, दोन चालत नाहीत. पुढे कधी वाद झाला तर ते नाव त्या एकीचं, बाकीच्यांनी तिच्याशी ताडून बघायचं.

"पहिली टाचणी घेतलीत ती ठीक," बाई म्हणाल्या. "पण तिच्यावर दोघी आहेत. नाव कोणाचं?"

"वरचीचं."

"नीट विचार करा, सर. पंख फाटला तो खालचीचा. पाय तुटला तो खालचीचा. हिनं ते नुसतं उचललंय."

"वरची अखंड आहे, बाई. पंख, मिशा, डोळे, सगळं जागेवर आहे. उद्या कोणाला ताडून बघायचं झालं तर खालचीत काय बघणार तो?"

"ते उरलं नाही त्यात तिचा काय दोष?" त्यांनी चष्मा काढला. "मला अर्धा दिवस द्या. ओल्या डबीत ठेवते. मी सोडवते तिला, अजून उशीर झालेला नाही."

"वरची मोडेल."

"मोडू दे की!"

"बाई, मी सांगतोय ना तुम्हाला!" मी टेबलावर हात आपटला. डब्या खडखडल्या. बत्तीस वर्षांत मी त्यांच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. त्यांनी चष्मा लावून माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा कसा दिसत होता कोण जाणे. मूळ नमुन्याची लाल चिठ्ठी त्यांनी माझ्यापुढे सरकवली. मी तिच्यावर 'वरची' असं लिहिलं आणि खाली सही केली. अक्षर अजिबात थरथरलं नाही. कोणत्याही शहाण्या माणसानं हेच केलं असतं, असं मी दिवसभर घोकत होतो.

चार वेळा मी घरी जायला उठलो आणि चार वेळा बसलो.

९

साडेपाचला घरी पोचलो तेव्हा मागच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. खिडकीही उघडी होती, फरशी पुसलेली, अजून ओली. शिवणयंत्र चालू होतं. बाहेर दोरीवर निळा गाऊन वाळत होता, एकच.

"आलात?" यंत्र थांबवून ती म्हणाली. "आज एकदाचं सगळं संपवलं बाई. किती दिवस रेंगाळलं होतं."

मी खोलीभर नजर फिरवली. खुर्चीखाली काही नव्हतं, कोपऱ्यात काही नव्हतं. माझा जीव भांड्यात पडला. हो, पडला. ते मी लपवणार नाही. आता कोणतं दार उघडायचं नव्हतं, काही मोडायचं नव्हतं, काही ठरवायचं नव्हतं.

तिनं चहा आणला. त्यात आलं जास्त होतं, मला लागतं तेवढंच. कप तोंडाशी नेला आणि मला रडू फुटलं. आई गेली तेव्हासुद्धा मी असा रडलो नव्हतो. चहा सांडला, शर्ट भिजला, मला आवरेना. चौतीस वर्षं जी मला टोमणे मारत आली ती इतके दिवस तिथे पाच पावलांवर होती, तिनं मला बोलावलं होतं, आणि मी चहा टाकू का म्हणून विचारलं होतं.

ती उठून माझ्या शेजारी येऊन बसली. माझ्या पाठीवर तळहात गोल गोल फिरवायला लागली. माझी बायको असाच फिरवते, आधी उजवीकडून.

"अहो, काय झालं? असे काय रडताय लहान मुलासारखे?" तिनं माझा चेहरा आपल्याकडे वळवला. डोळ्यांत खरी काळजी होती. "कोणी गेलं का हो?"

"नाही," मी म्हणालो. "आपल्यातलं कोणी नाही."